टाच टोचताना बाळापाशी थांबू द्या, असं आग्रहाने मागा

तुम्ही लिहिलंय की बाळ एकतिसाव्या आठवड्यात झालं, टाचेतून सारखं रक्त घेतात आणि त्या वेळी तुम्हाला एनआयसीयूबाहेर (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर) काढतात. आमचंही अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही. बाळ व्हेंटिलेटरवर असेल तर आधी तिथल्या डॉक्टरांना विचारा.

हात धुणं वगैरे माहीतच असेल. पण बाळाला कुरवाळू नका, थोपटूही नका. इतक्या कोवळ्या जिवाला फिरता हात सोसत नाही. तळवे चोळून गरम करा. एक डोक्यावर टोपीसारखा ठेवा, दुसऱ्याने पाय पोटाशी दुमडून धरा. टोचायचा पाय सिस्टरकडे, बाळाच्या मुठी तोंडाजवळ. दाबायचं नाही, पण हात स्थिर हवा. सुईच्या आधीच धरायचं आणि पट्टी लागली म्हणून लगेच सोडायचं नाही. कपाळावरची आठी गेली, मूठ सैल पडली की एकेक हात हळू उचला. कांगारू केअरची, म्हणजे बाळाला आपल्या उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून धरायची, परवानगी असेल तर सरळ छातीशी घेऊनच टोचू द्या, ते याहून चांगलं. दुखणं कमी व्हावं म्हणून देतात ते साखरेचं पाणी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका.

मला आजही राग आहे तो आमच्या वॉर्डाचा. काही विचारलं की ‘इन्फेक्शन होईल, बाहेर थांबा.’ वर ‘एवढ्याशा बाळाला काय कळतंय!’ कळतं हो! नवजात बाळांना वेदना होतात हे नवजात बाळांच्या वेदनांवर संशोधन करणाऱ्या डॉ. के. जे. एस. आनंद यांनी १९८७ सालीच मांडलंय. आमचं बाळ तर पेटीची खिडकी उघडली तरी पाय आखडून घ्यायचं, कारण आत येणारा हात बहुतेक वेळा सुईचाच असायचा. बाळाला असं धरायचं कसं, हे मला पुढे रात्रपाळीच्या एका सिस्टरने दाखवलं, तेही हळूच, कुणाला कळू न देता. आईने बाळाला धरणं चोरून का करावं लागावं?

कांगारू केअरने इन्फेक्शनचा धोका उलट कमी होतो, असं अभ्यास सांगतात. राउंडला मोठे डॉक्टर आले की त्यांच्याशीच बोला. माझ्या मते सिस्टरांशी वाद घालून उपयोग नाही, त्यांच्या हातात फार काही नसतं.

अजून एक. डोळ्यांची आरओपी तपासणी (वेळेआधी झालेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला होणाऱ्या आजारासाठीची) साधारण चार आठवड्यांच्या आत होते आणि ती चांगलीच दुखते. तारीख आत्ताच विचारून ठेवा, आणि त्या दिवशीही बाळाला दुपट्यात गुंडाळून धरायला तुम्हाला आत घेतील का, तेही.