मुलं आणि आजीसह ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीकाठानं कॅरव्हॅननं जावं का?

तुमच्याकडे आठ दिवस आहेत, सोबत नऊ आणि बारा वर्षांची मुलं आणि आजी, आणि बर्कपासून वेंटवर्थपर्यंत नदीकाठच्या रस्त्यानंच जायचंय. जाता येईल, पण आठ दिवसांत नको, बारा तरी हवेत. आम्ही सिडनीहून जुलैच्या सुटीत असेच निघालो होतो, आईही होती बरोबर.

कॅरव्हॅन भाड्यानं घेणार असाल तर आधी करार वाचा. बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर न्यायला मनाई करतात, आणि तिथे काही मोडलं तर विमा हात वर करतो. बर्क, लाउथ, टिल्पा, विलकॅनिया हा रस्ता बराचसा कच्चाच आहे. धुळीचं म्हणाल तर आमच्या कणकेच्या डब्यातसुद्धा लाल माती शिरली होती. छताच्या झडपा आतून चिकटपट्टीनं बंद करा.

खरा प्रश्न पावसाचा. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चपलेला मातीचे गोळे चिकटून पाय उचलत नाही ना, इथे तेच चाकांचं होतं. पाऊस झाला की रस्ता बंद करतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड जबर. रोज सकाळी लाइव्ह ट्रॅफिक एनएसडब्ल्यू (न्यू साउथ वेल्स राज्याची रस्त्यांची माहिती देणारी साइट) आणि तिथल्या कौन्सिलचं पान बघा. आम्ही टिल्पात दोन रात्री अडकलो. तिथल्या पबमध्ये फ्लाइंग डॉक्टरांसाठी (दूरच्या भागात विमानानं पोचणारी वैद्यकीय सेवा) देणगी देऊन भिंतीवर नाव लिहिता येतं. मुलांनी देवनागरीत लिहिली. पूर्ण सहलीत त्यांना आठवतं ते एवढंच, मेनिंडीजवळच्या किंचेगा राष्ट्रीय उद्यानातली १८७५ची लोकर कातरायची शेड नाही. (मला मात्र ती शेडच आवडली. तिथे ६० लाख मेंढ्या कातरल्या, म्हणतात.)

आणि नदी? रस्त्यावरून ती दिसतच नाही. "नदीकाठचा रस्ता म्हणालास ना?" असं आई दर तासाला विचारायची. उंच मातीच्या दरडींमध्ये, गमच्या (निलगिरीच्या) जुन्या झाडांआड खोल वाहते ती. इथले मूळ रहिवासी बार्कांजी लोक तिला बाका म्हणतात. आई सांगलीची, तिच्या डोक्यात कृष्णेचा घाट. गढूळ पाणी बघून म्हणाली, "ही तर ओढ्यासारखी आहे." विलकॅनियाला १८९६चा पूल दाखवला, बोटींसाठी मधला भाग वर उचलायचे तो. या ओढ्यातून लोकरीनं भरलेल्या वाफेच्या बोटी जायच्या यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. वेंटवर्थला मात्र डार्लिंग मरे नदीला मिळते तिथे ती बराच वेळ बसली. संगम म्हणजे काय ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, कांगारू संध्याकाळीच रस्त्यावर येतात. डिझेल मिळेल तिथे भरून घ्या, पिण्याचं पाणी दोन दिवसांचं जास्त ठेवा. जुलैत रात्री फार गारठा असतो, आजींसाठी जाड रजई हवीच.

बारा दिवस काढता येत नसतील तर बर्कहून कोबारमार्गे विलकॅनिया आणि पुढे ब्रोकन हिल करा. सगळा डांबरी रस्ता आहे. ब्रोकन हिलहून मेनिंडीही डांबरी रस्त्यानंच गाठता येतं, म्हणजे नदी आणि तळी तरी बघून होतील.