पिशवीतला अँटेना आणि टेकडीवरची तार

प्रश्न : हौशी रेडिओची (हॅम) परीक्षा पास होऊन व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं माझं नाव, मिळाला. राहतो चौथ्या मजल्यावर. सोसायटी गच्चीवर तार बांधू देत नाही आणि घरात ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर) नुसती खरखर. रविवारी सकाळी सेट घेऊन वेताळ टेकडीवर जायचा विचार आहे. दीड मीटरचा, पिशवीत मावणारा कॉइलवाला व्हिप, म्हणजे काडीसारखा उभा अँटेना, बघून ठेवलाय. विक्रेता म्हणतो, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप; १ म्हणजे काहीच नाही) १.२ येतो. घेऊ का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नका घेऊ. टेकडीवर जायचं ठरवलंत ते मात्र उत्तम. घरातली खरखर तुमच्या सेटची नाही. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर अशी सगळ्या बिल्डिंगची ती मिळकत आहे. वस्तीपासून जरा आत गेलात की ती खाली बसते आणि आजवर दबलेली स्टेशनं ऐकू यायला लागतात.

आता त्या १.२ विषयी. सेटला डमी लोड, म्हणजे पॉवरची नुसती उष्णता करणारा रेझिस्टर, जोडलात तर एसडब्ल्यूआर चक्क १ येतो, आणि हवेत काहीही जात नाही. पॉवर परत आली नाही एवढंच मीटर सांगतो, ती गेली कुठे हे सांगत नाही. ४० मीटरच्या लहरीपुढे दीड मीटरची काडी म्हणजे लांबीच्या सत्ताविसाव्या हिश्श्याच्या आसपास. तिचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे हवेत जाणाऱ्या पॉवरचा वाटा ठरवणारा रोध, जेमतेम अर्धा ओहम. कॉइल आणि जमीन मिळून तोट्याचे पंधरा-वीस ओहम सहज होतात. वीस वॅट सोडलेत तर अर्धा वॅट बाहेर पडला म्हणायचं, बाकीचा कातळ तापवायला. आपल्या टेकड्या पडल्या बेसाल्टच्या, वर चार बोटं माती. तिथे उभा अँटेना चालवायचा तर खाली जमिनीचं काम करणाऱ्या काउंटरपॉइजच्या तारा पसरायलाच हव्यात. मग तारच पसरायची आहे, तर मधोमध केबल जोडून दोन्हीकडे ताणलेल्या तारेच्या डायपोलनं काय घोडं मारलंय?

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास वायर, कनेक्टर, दहा मीटर आरजी-५८ केबल सगळं मिळेल. १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागायचं की अर्ध्या लहरीच्या डायपोलची लांबी मीटरमध्ये येते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी २०.०७ मीटर, म्हणजे एकेक बाजू १० मीटरची. प्लास्टिकचं आवरण असलेली तार याहून दोन-चार टक्के आखूड लागते, पण म्हणून आधीच कापू नका. टोकाला वीतभर दुमडून ठेवा, टेकडीवर एसडब्ल्यूआर बघत बघत दुमड वाढवा. शिवाय मध्यापासून पाच मीटरवर दोन्ही बाजूंना तार तोडून क्लिपने जोडलीत, तर क्लिप सोडली की २० मीटर बँड तयार. वेगळा अँटेना नको, ट्यूनर नको.

मधला खांब सहा-सात मीटर पुरे. बुरूड आळीतला बांबू स्वस्त आणि मस्त, पण तो घेऊन टेकडी चढताना तुम्हीच प्रेक्षणीय व्हाल. एकात एक सरकणारा ग्लास फायबरचा मासेमारीचा दांडा सोयीचा. कार्बन फायबरचा घेऊ नका; तो वीजवाहक असतो, तारेजवळ आला की ट्यूनिंगचा बट्ट्याबोळ. मेखा कातळात शिरत नाहीत, तेव्हा ताणाच्या दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. वेताळ टेकडीवर उंदीरमारीची झाडं भरपूर आहेत, त्यांना दोरी बांधायची तर बांधा, पण बारक्या फांद्यांवर भरवसा नको. झाडाला खिळा तर मुळीच ठोकायचा नाही.

एवढ्या कमी उंचीचा डायपोल ४० मीटरवर सिग्नल बराचसा सरळ वर फेकतो आणि आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, तो आसपासच परत टाकतो. परदेशाची हौस असेल तर ही खोट वाटेल. पण सकाळी नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरशी बोलायचं असेल तर हेच हवं. लांबच्या गप्पांसाठी क्लिप सोडून २० मीटरवर जा.

प्रश्न : दोन मीटर बँडचा हँडी (हातात धरायचा सेट) सिंहगडावर नेला. पायथ्याशी रिपीटर (आपला सिग्नल उचलून पुढे पाठवणारं स्टेशन) छान ऐकू येत होता, गडावर पोचल्यावर एकदम मुका झाला. उंचीवर उलट वाढायला हवं ना? सेट बिघडलाय का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : सेट ठणठणीत असणार. गडावर प्रसारणाचा टॉवर आहे, विसरलात. तगड्या ट्रान्समीटरशेजारी साध्या हँडीचा रिसीव्हर दबून जातो. विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे उभं राहून कुजबूज ऐकू येईल का? अशा जागी लांब अँटेना लावलात तर अजून वाईट. टॉवर आणि तुमच्यामध्ये गडाचा उंचवटा येईल अशा कडेला जा आणि तिथे पुन्हा ऐका.

इतर ठिकाणी मात्र त्या रबरी अँटेनाला मदत हवी. त्याच्या बुडाच्या धातूच्या कड्याला ४९ सेंटिमीटरची तार अडकवून खाली लोंबती सोडा. पाच रुपयांत इतका फरक दुसऱ्या कशानं पडत नाही.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा परवाना घेऊन रविवारी तळजाई टेकडीवर अँटेनाच्या तारा बांधत बसतो. विजेची भीती वाटते. शिवाय लोक नाही नाही ते विचारतात.
– एक आई, सहकारनगर

उत्तर : ताई, भीती रास्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत वळीव बहुतेक दुपारनंतर येतो, म्हणून त्या दिवसांत सकाळीच जाऊन अकरापर्यंत आवरायचं. गडगडाट कानावर आला की खांब आडवा, केबल सेटवरून काढलेली, आणि मुलगा टेकडीखाली. ‘एवढा कॉल संपवतो’ चालणार नाही. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे.

विजेच्या तारांखाली किंवा शेजारी खांब उभा करायचा नाही. खांब आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही इतकं अंतर हवं. डायपोलची टोकं डोक्याच्या वर ठेवायला सांगा. बोलत असताना टोकाला हात लागला तर वीस वॅटलाही चटका बसतो, आणि टेकडीवर लहान मुलं धावत असतात.

लोकांचं म्हणाल तर परवान्याची प्रत खिशात असू दे. परवान्याच्या अटींत पत्त्याबाहेर सेट चालवण्याबद्दल काय लिहिलंय तेही एकदा दोघांनी बसून वाचा. पाषाण, खडकवासला बाजूला संरक्षण खात्याच्या कुंपणाजवळ तार बांधायला गेला तर मात्र चौकशी होणारच, आणि ती करणाऱ्यांचं चूक नसेल. विचारणारा आजोबा असेल तर त्याला हेडफोन देऊन बघा. निम्मे तिथेच बसून राहतात, मग त्यांना उठवायचं कसं हा वेगळा प्रश्न.