विद्यापीठ निवडताना

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातील केळी उत्पादक आहोत. मुलीला इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर जर्मनीत शिकायचे आहे. सल्लागार एकाच खासगी विद्यापीठाचा आग्रह धरतात आणि त्यासाठी शेत गहाण ठेवावे लागेल. काय करावे?

उत्तर : शेताच्या उताऱ्यावर बोजा चढवण्याआधी थोडे थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना दर सत्राला साधारण १५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकचे तंत्र विद्यापीठही आता शुल्क घेते. व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो आधी खात्यात ठेवावे लागतात, परंतु ते पैसे मुलीचेच असून तिला दरमहा ९९२ युरोप्रमाणे परत मिळतात. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागदपत्रे तपासून खरी असल्याचा दाखला) लागते, म्हणून त्याचा अर्ज लवकर करावा. अभ्यासक्रमांची यादी डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. मुलीने स्वतः ते संकेतस्थळ पाहून विषय, शिकवण्याची भाषा आणि प्रवेशाच्या अटी वहीत उतरवाव्यात, आणि त्या खासगी विद्यापीठाकडून त्यांना दलाली मिळते का, हे सल्लागारांना आपण स्पष्ट विचारावे.