नववीच्या मुलांना बल, संवेग आणि आवेग यांतला फरक प्रयोगशाळेशिवाय कसा समजावायचा?

सूत्राच्या आधी एक अंडं आणि एक वाकळ घेऊन वर्गात जा. दोन पोरांना वाकळ उभी पण सैल धरायला लावा, खालची कड झोळीसारखी वर उचलून. तिसऱ्यानं अंडं त्यात जोरात मारायचं. फुटत नाही. भिंतीवर मारलं असतं तर काय, हे विचारायचीही गरज पडत नाही. मग फळ्यावर मांडा: अंडं ०.०५ किलोचं, वेग ६ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे संवेग (वस्तुमान गुणिले वेग) ०.३ किलो-मीटर प्रतिसेकंद. भिंतीवर ते ०.००५ सेकंदात थांबलं असं धरा, सरासरी बल ६० न्यूटन, वाकळीत ०.१ सेकंद लागला, तर बल फक्त ३ न्यूटन. आवेग, म्हणजे बल गुणिले वेळ, मात्र दोन्हीकडे ०.३ न्यूटन-सेकंदच. इथं घाई करू नका, कारण 'बल कमी म्हणून आवेगही कमी' असं निम्मा वर्ग लिहितो. मी अंबाजोगाई तालुक्यात विज्ञान शिकवतो, दरवर्षी हीच चूक तपासतो. झेल घेताना हात मागे का नेतो, हे त्यानंतर मुलं आपणहून सांगतात.

एक गोष्ट जपा: हे गणित वस्तू जागीच थांबते तेव्हाचं आहे. चेंडू भिंतीवरून तेवढ्याच वेगानं उलटा आला तर संवेगातला बदल, म्हणजेच आवेग, दुप्पट होतो. आणि 'आवेग' (इम्पल्स) ही संकल्पना आपल्या बोर्डात नीट येते अकरावीला. नववीला संवेग पक्का झाला तरी पुष्कळ.