अर्धा किलो बेसन म्हणजे किती कप?

तू विचारलंयस की ऑगस्टमध्ये दादरहून न्यू जर्सीला जायचंय, आईच्या वहीत सगळं किलो-पावकिलोत आहे आणि तिकडे कपाने मोजतात, तर ग्रॅमचे कप करायचा एखादा सोपा हिशोब सांगा. एकच हिशोब सगळ्या धान्यांना लावलास तर फसशील. मी फसलेय.

तिकडच्या पहिल्याच दिवाळीत बेसनाचे लाडू करायला घेतले. आईचं प्रमाण अर्धा किलो बेसनाला पाव किलो तूप. तूप तिनेच गिरगावातून वजन करून भरून दिलेलं. कपावर २४० लिहिलेलं, म्हटलं दोन कप झाले की अर्धा किलो. ते २४० मिलिलिटर होते, बाई! कपात बेसन मावतं जेमतेम १०० ते १२० ग्रॅम. कढईत पडलं पाव किलोहून कमी, आणि वर तुपाची अख्खी बरणी. लाडू बसले म्हणणंही कमीच, ताटभर पसरले. आई फोनवर म्हणाली, "चमचे घे आणि शिरा म्हणून वाढ."

तर, सपाट भरलेल्या एका अमेरिकन कपात तांदूळ आणि तूर, मूग, हरभरा या डाळी साधारण १९० ते २०० ग्रॅम बसतात. साखरही २००च्या आसपास. रवा १६५-१७०, साबुदाणा दीडशेच्या जवळपास, कणीक आणि मैदा १२० ते १३०. पोहे फारच हलके, त्यांना कपाच्या भरवशावर सोडूच नकोस. पिठाचं आणखी एक: कप डब्यात खुपसून दाबून भरलास तर तोच मैदा दीडशे ग्रॅमपर्यंत जातो. चमच्याने हलकं घालायचं आणि सुरीने वरून सपाट करायचं. आपल्याकडे शीग लावून मोजायची सवय असते ना, ती इथे नडते.

डाळ-तांदळाचं वजन कपाला जवळपास सारखं, म्हणून चकलीच्या भाजणीत एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ असेल तर सरळ चार, दोन, एक वाटी घे, काही बिघडत नाही. पण त्यातच धणे किंवा पोहे ग्रॅमात लिहिलेले असतील तर ते काट्यावरच घ्यायचे. मोदकाच्या उकडीला पिठीइतकंच पाणी, खिचडीला वाटीला इतक्या वाट्या, असं जे आधीपासून मापाने आहे त्याला हातही लावू नकोस. कप घे नाहीतर फुलपात्र घे, प्रमाण तेच. आपल्या आज्या चार शेरांच्या पायलीने धान्य मोजायच्या, तेही मापच होतं, वजन नव्हे.

निघायच्या आधी एक दुपार आईबरोबर बस. तिची रोजची स्टीलची वाटी काट्यावर ठेव, काटा शून्यावर आण, मग एकेक जिन्नस ती भरते तसाच तिच्या हातून भरून घे आणि आकडा वहीत त्या त्या पदार्थासमोर लिही. इंटरनेटवरच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ते उपयोगी पडेल, कारण आईची "वाटी" म्हणजे नक्की किती हे तिलाही माहीत नसतं. माझ्या आईची १६० मिलिलिटरची निघाली, मी इतकी वर्षं कपाएवढी धरत होते. ती वाटी बरोबर घेऊन जा, आणि काटाही. तो बॅटरीवर चालतो, त्यामुळे तिकडच्या १२० व्होल्टची भानगड नाही. मिक्सर मात्र इथला नेऊ नकोस.

दुकानात पाकिटं पौंडांत असतात. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, घाईत अर्धा किलो धरलास तरी रोजच्या स्वयंपाकाला चालतं. इलेक्ट्रिक राइस कुकर घेतलास तर त्याच्यातला कप बहुधा १८० मिलिलिटरचा असतो. तो हरवू नकोस, आतल्या पाण्याच्या खुणा त्याच्याच हिशोबाने असतात.

आणि एडिसनला ओक ट्री रोडवर गेलीस की लाडवाचं जाडसर बेसन माग. ते साध्या बेसनाच्या मापाने येत नाही, त्याचा पहिला कप काट्यावर घालून बघ.