पर्म फाईल होऊन 9 महिने झाले, अजून किती थांबायचं?

तुमचा प्रश्न असा की पर्म, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं अमेरिकेच्या कामगार खात्याकडे करायचा पहिला अर्ज, फेब्रुवारी 2025 मध्ये फाईल झालं, नोव्हेंबर उजाडला तरी स्टेटस हललेलं नाही, एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची 6 वर्षांची मुदत सप्टेंबर 2026 मध्ये संपतेय, आणि फेब्रुवारीत भावाच्या लग्नाला नाशिकला जाऊ का नको. आधी सरळ उत्तर देतो, मग बाकीचं. नोव्हेंबर 2025 च्या हिशोबानं, ऑडिट म्हणजे खात्याची जादा कागदतपासणी न लागलेल्या केसला साधारण 16 महिने लागतायत, म्हणजे तुमचं 2026 च्या उन्हाळ्यात कधीतरी यावं. पण तुमच्या मनात खरी भीती आहे ती 6 वर्षं संपली की गाशा गुंडाळावा लागेल याची, आणि ते तुमच्या बाबतीत होत नाही, कारण फेब्रुवारी 2026 मध्ये तुमच्या पर्मला 365 दिवस पूर्ण होतायत आणि 365 दिवस झाले की पर्म पेंडिंग असतानासुद्धा सातव्या वर्षाचं एक्स्टेन्शन मिळतं, एकेक वर्षाचं. हा 2000 सालचा कायदा आहे, वकील लोक त्याला एसी-21 म्हणतात. कंपनीला तुमचं एक्स्टेन्शन सप्टेंबरच्या 6 महिने आधीपासून फाईल करता येतं, म्हणजे मार्चपासून. आत्ताच एचआरला मेल टाका की मार्चमध्ये हे करायचंय.

मी हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण माझे 365 दिवस भरले नव्हते.

मी ऑक्टोबर 2012 मध्ये पुण्याहून न्यू जर्सीला आलो, एडिसनला राहतो. तिसऱ्या वर्षापासून मॅनेजरला विचारत होतो की ग्रीन कार्डचं कधी सुरू करायचं, तो म्हणायचा पुढच्या क्वार्टरला नक्की, आणि मी गप्प बसायचो, कारण आपल्याला वाटतं की सारखं विचारलं तर वाईट दिसेल, माणूस चांगला आहे, करेल तो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते मला तेव्हा कळलं. पर्म फाईल झालं जून 2018 मध्ये, 6 वर्षं संपत होती ऑक्टोबरमध्ये. तरी वकील म्हणाला होता की तेव्हाच्या वेगानं काही महिन्यांत होऊन जाईल, मग आय-140, म्हणजे पर्मनंतरचा कंपनीचा अर्ज, प्रीमियममध्ये, म्हणजे जादा फी भरून लवकर निकालासाठी टाकू, जमून जाईल. आणि लागलं ऑडिट. भारतात सुट्टीला गेलेले दिवस 6 वर्षांत धरत नाहीत, ते सगळे मोजून परत मिळवले, 64 निघाले, त्यावर डिसेंबरपर्यंत ओढलं, आणि मग बायको, मी आणि 6 वर्षांची मुलगी, तिघं सामान एका स्टोरेजमध्ये टाकून पुण्याला गेलो. कंपनीनं तिथल्या ऑफिसमध्ये सामावून घेतलं हे त्यांचं चांगलंच होतं. पण मुलीची शाळा वर्षाच्या मध्ये सुटली, लीज मोडल्याचे पैसे गेले, आणि रोज सकाळी उठून आधी वकिलाचा मेल बघायचा. जूनमध्ये 365 दिवस भरले, एच-वनचं पिटिशन झालं, मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग करून ऑगस्ट 2019 मध्ये परत आलो. मॅनेजरला मी 2 वर्षं आधी लेखी विचारलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, पर्मची वाट बघण्याचा काळ आपल्याला एका दिवसानंही कमी करता येत नाही. त्याला प्रीमियम नाही, कामगार खात्याला फोन करून उपयोग नाही, वकील बदलूनही उपयोग नाही. आपल्या हातात फक्त फाईल होण्याआधीचा काळ असतो आणि वाट बघता बघता गोळा करायचे कागद असतात. तुमच्या केसमध्ये फाईल करणं झालेलंय, आता कागद राहिलेत, त्यावर खाली येतो.

हे इतकं लांबतं कसं ते थोडं समजून घ्या म्हणजे रोज पोर्टल उघडून बघायचं कमी होईल. फाईल करण्याच्या आधीच तुमच्या कंपनीचे 8-9 महिने गेलेले असणार. आधी सरकारकडून प्रिव्हेलिंग वेज काढून घ्यायचं, म्हणजे त्या भागात त्या कामाला किमान किती पगार द्यायचा ते, त्यालाच तेव्हा अर्धं वर्ष जायचं. मग भरती, म्हणजे राज्याच्या जॉब पोर्टलवर 30 दिवस जाहिरात, रविवारच्या छापील पेपरात दोन जाहिराती, आपल्यासारख्या पदांना आणखी तीन ठिकाणी, आणि ऑफिसात 10 कामाचे दिवस नोटीस. माझी नोटीस पॅन्ट्रीत कॉफी मशीनच्या शेजारी लावलेली होती, पगाराच्या आकड्यासकट, आणि मी 2 आठवडे कॉफी प्यायला खालच्या मजल्यावर जायचो. माझी पेपरातली जाहिरात स्टार-लेजरमध्ये आली होती, तो पेपर फेब्रुवारी 2025 मध्ये छापायचाच बंद झाला, पण नियमात रविवारचा छापील पेपर अजून आहे तसाच आहे. जाहिरातीला आलेल्या अर्जांमध्ये त्या कामाला लायक आणि तयार असा इथला माणूस निघाला तर पर्म पुढे जात नाही. ते मला योग्यच वाटतं, नोकरी आधी इथल्या माणसाला विचारली पाहिजे. या भरतीत कुचराई केल्याच्या आरोपावरून सरकारनं फेसबुकशी 2021 मध्ये आणि ॲपलशी 2023 मध्ये तडजोड केली, त्यात कोट्यवधी डॉलर ठरले, तेव्हापासून मोठ्या कंपन्यांचे वकील एकेक रेझ्युमे तपासून मगच सही करतात. तुमच्या वकिलानं वेळ घेतला असेल तर त्यावर रागावू नका. आणि या भरतीत आपण कुठेही हात घालायचा नसतो, कोणाचा अर्ज आला विचारायचंसुद्धा नाही.

पूर्वी यापेक्षा वाईट होतं. माझा आतेभाऊ आला तेव्हा पर्म हा शब्दच नव्हता, सगळे लेबर म्हणायचे, लेबर क्लिअर झालं का, असं. 2001 च्या एप्रिलअखेरीला एका कलमाची मुदत संपत होती म्हणून लाखो अर्ज येऊन पडले, शेवटी सरकारला फिलाडेल्फिया आणि डॅलसला फक्त तुंबलेल्या केसेससाठी दोन सेंटर काढावी लागली. भावाची केस 4 वर्षं पडून होती. मार्च 2005 मध्ये पर्म आलं ते हे सगळं कॉम्प्युटरवर झटपट व्हावं म्हणूनच, आणि 2019-20 च्या सुमाराला खरंच 3-4 महिन्यांत होत होतं. जून 2023 पासून पर्मला नवा फॉर्म आणि कामगार खात्याचं फ्लॅग नावाचं ऑनलाइन पोर्टल आलं, रांग वाढत गेली. शिवाय ऑक्टोबर 2025 मध्ये शटडाउन होऊन सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हा फ्लॅगसुद्धा बंद होतं, 31 ऑक्टोबरला सुरू झालं, त्यामुळे तुमच्या अंदाजात तेवढे दिवस वाढवून धरा. फ्लॅगवर प्रोसेसिंग टाइम्सचं पान आहे, त्यावर सध्या कुठल्या महिन्यातल्या केसेस हातात घेतल्यात ते लिहिलेलं असतं. ते महिन्यातून एकदा बघा, बास. ट्रॅकर साइटवर लोक कंपनीच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून तारखा काढतात, मीही काढायचो, त्यानं रात्रीची झोप जाते.

आता एक गोष्ट जी मला कोणी वेळेवर सांगितली नाही. तुमची प्रायॉरिटी डेट म्हणजे पर्म फाईल झाल्याची तारीख, मंजूर झाल्याची नाही. पर्म 6 महिन्यांत आलं काय आणि 20 महिन्यांत आलं काय, ग्रीन कार्डच्या रांगेतला तुमचा नंबर फेब्रुवारी 2025 चाच राहणार. आणि ती रांग भारतात जन्मलेल्यांसाठी, नोकरीवाल्या ग्रीन कार्डांच्या ईबी-2 गटात असो वा ईबी-3 गटात, नोव्हेंबर 2025 मध्ये 2013 च्या तारखांपर्यंतच आलेली होती. वर्षाला नोकरीवाल्या ग्रीन कार्डांचा आकडा 1 लाख 40 हजार, त्यात कुटुंबातली बायकामुलंही मोजतात, आणि एका देशाला त्यातले साधारण 7 टक्के. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, माझी स्वतःची डेट जून 2018 आहे आणि मुलगी आता 13 वर्षांची आहे, ती 21 ची होऊन आमच्या अर्जातून बाहेर पडण्याआधी नंबर लागेल का हा हिशोब आमच्या घरात सगळे मनातल्या मनात करतात. तुमचं मूल मोठं असेल तर एक लक्षात ठेवा, वयातून आय-140 पेंडिंग असलेला काळ वजा होतो, पर्म पेंडिंग असलेला होत नाही. म्हणून मोठी मुलं असलेले काही जण आय-140 प्रीमियममध्ये टाकतच नाहीत. ते वकिलाशी बोलून ठरवा, कारण प्रीमियमचे फायदे पण आहेत.

मग पर्म लांबल्यानं नुकसान कुठे होतं? तर अडकून पडण्यात. आय-140 मंजूर होईपर्यंत प्रायॉरिटी डेट तुमची नसते. आत्ता नोकरी बदलली किंवा गेली तर हे 9 महिने गेले, नवीन कंपनीत पहिल्यापासून. आय-140 मंजूर झालं की ती डेट तुमच्याबरोबर पुढच्या कंपनीत येते, आणि मंजुरीला 180 दिवस झाले की जुन्या कंपनीनं ते मागे घेतलं तरी एच-वनची 3-3 वर्षांची एक्स्टेन्शन चालू राहतात. बायकोला किंवा नवऱ्याला एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचं कार्डही मिळतं, ते सातव्या वर्षाच्या एक्स्टेन्शनवरही मिळतं, म्हणजे तुमच्या घरी पुढच्या वर्षीच अर्ज करता येईल. माझी बायको आर्किटेक्ट आहे, 7 वर्षं ती घरी होती, कार्ड हातात आलं त्या दिवशी तिनं काही न बोलता ते फ्रिजवर लावलं, आठवडाभर तिथेच होतं.

कागदांचं ऐका, यात हयगय करू नका. पर्ममध्ये जो अनुभव लिहिलाय तो आय-140 ला सिद्ध करावा लागतो आणि तो बहुतेक वेळा आत्ताच्या कंपनीतला चालत नाही, आधीच्या कंपनीचं पत्र लागतं, ज्यात तारखा, पद, पूर्णवेळ होतो हे, आणि काय काम करत होतो ते लिहिलेलं असावं. आपल्याकडच्या कंपन्या रिलिव्हिंग लेटर देतात त्यात अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होते एवढंच असतं. माझी हिंजवडीतली पहिली कंपनी तोपर्यंत दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलेली, एचआर म्हणाले आमच्याकडे रेकॉर्ड नाही. शेवटी जुन्या टीम लीडला फोन केला, 10 वर्षांत बोलणं नव्हतं, तो कोथरूडहून नोटरीकडे जाऊन स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट करून घेऊन आला आणि माझ्याकडून चहाचे पैसेही घेतले नाहीत. त्याच्या जोडीला सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 लावले. तुम्ही लग्नाला जाणारच असाल तर हे काम तिथे 2 दिवसांत होतं, इथून व्हॉट्सॲपवर 2 महिने लागतात. तुमची डिग्री 3 वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम असेल तर ईबी-2 साठी ती बहुधा अडते, वकिलानं इव्हॅल्युएशन कसं केलंय ते आत्ताच विचारून ठेवा, बीई असेल तर प्रश्न येत नाही.

ऑडिट लागलं तर घाबरू नका. उत्तर द्यायला कंपनीला 30 दिवस असतात, कागद व्यवस्थित असतील तर सुटतं, फक्त वेळ जातो. पर्म आलं की 180 दिवसांत आय-140 फाईल झालंच पाहिजे नाहीतर पर्म बाद, तेव्हा मंजुरीच्या दुसऱ्या दिवशी एचआरला पुन्हा मेल. मधल्या काळात दुसऱ्या राज्यात राहायला जाऊ नका, वर्क फ्रॉम होम असलं तरी, पर्म त्या ठिकाणाला बांधलेलं असतं. माझा एक मित्र घर स्वस्त म्हणून नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला गेला आणि सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं. आणि कोणी पर्मच्या वकिलाचे किंवा जाहिरातीचे पैसे तुमच्याकडे मागितले, पगारातून कापतो म्हणालं, तर देऊ नका. 2007 पासून तो खर्च कंपनीनंच करायचा असा नियम आहे. आपली पोरं अजूनही छोट्या कन्सल्टन्सीत गुपचूप भरतात याचा मला फार त्रास होतो.

लग्नाचं म्हणाल तर जा. पर्म कंपनीच्या अर्जावर असतं, तुम्ही कुठल्या देशात आहात याच्याशी त्याचा संबंध नाही. बघायचं ते फक्त पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प. तो चालू असेल तर प्रश्नच नाही, संपला असेल तर तिकीट काढायच्या आधी अपॉइंटमेंट बघा, कारण सप्टेंबर 2025 पासून ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय स्टॅम्पिंग, जवळजवळ बंद झालाय, मुलाखतीलाच जावं लागतं. परत येताना बोर्डिंग पास आणि शिक्के जपून ठेवा. नाशिकला घालवलेले पूर्ण दिवस तुमच्या 6 वर्षांत मोजले जात नाहीत, ते मागितले की परत मिळतात.