भूक लागली म्हणून खातो की सवयीने, हे मोजता येतं का?

येतं, पण तुम्ही प्रश्नात भूक आणि सवय अशा दोन वेगळ्या पेट्या केल्यात, घोळ तिथेच आहे.

थेट पोटात शिरूनही हे मोजून झालंय. १९१२ मध्ये अमेरिकेत वॉशबर्न नावाच्या संशोधकाने फुगा गिळला, भुकेची कळ आली की तो खूण करायचा, आणि त्या खुणा जठराच्या आकुंचनाशी जुळल्या. आता बहुतेक जण प्रश्नावली वापरतात. मानसशास्त्रज्ञ ट्रेसी टिल्का यांचं इंट्यूटिव्ह ईटिंग स्केल, म्हणजे शरीराच्या खुणा ऐकून खाता का हे मोजणारी प्रश्नावली, २००६ चं; २०१३ च्या सुधारित आवृत्तीत २३ वाक्यं आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. भूक लागल्याचं आणि पोट भरल्याचं कळतं का, त्यावर भरवसा ठेवता का, मन उदास झालं की खाता का, स्वतःला काही खायची बंदी घालता का, असं सगळं त्यात येतं.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी ही वाक्यं मराठीत करून मी मालवणजवळच्या आमच्या गावात फिरले. शेजारच्या काकी पडवीत बांगडे साफ करत होत्या. भूक लागली हे कसं कळतं, विचारलं, तर म्हणाल्या, "पेजेचो टायम झालो की भूक लागता." मी 'सवय' म्हणून टिपून घेतलं. चूक माझी. जेवणाची वेळ ठरलेली असली की त्याआधीच रक्तात घ्रेलिन, म्हणजे भूक जागवणारं संप्रेरक, वाढतं. काकींचं पोट घड्याळ शिकलंय, एवढंच.

बंदीच्या वाक्यावर त्यांनी जोरात मान डोलावली. सोमवारी म्हावरा नाही, श्रावणात तर महिनाभर नाही! त्या वाक्याचे गुण उलटे धरतात, 'हो' म्हटलं की गुण कमी, म्हणून कागदावर काकी डाएटने गांजलेल्या ठरल्या. त्याच दुपारी जेवताना दुसरा बांगडा अर्धा ठेवून त्यांनी सोलकढी घेतली आणि हात धुतला. आग्रहाला दाद नाही.

स्वतःपुरतं बघायचं तर दहा सेंटिमीटरची रेघ ओढा. डावं टोक 'भूक अजिबात नाही', उजवं 'भुकेने जीव जातोय'. खाण्याआधी आणि खाल्ल्यावर खूण करा. प्रयोगशाळेतही असंच करतात. आठवडाभर तरी करा, एका दिवसात काही कळत नाही. माझी चारच्या चहाची खूण कधी दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली नाही, आणि खाजं मात्र रोज संपलं.